पाच वाजून दहा मिनिटांची सावली

माझ्या भाऊजींच्या सलूनवर एक पाटी आहे. बाकीचे लोक पाटीवर दुकानाचं नाव लिहितात, दर लिहितात, सोमवारी बंद असं लिहितात. भाऊजींच्या पाटीवर एवढंच होतं: "एकतीस वर्षांत रक्ताचा एकही थेंब नाही." वर्ष पुरं झालं की ते स्टुलावर चढायचे, जुना आकडा पुसायचे आणि नवा रंगवायचे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, खाली स्टूल धरून उभी राहायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, "पडा एकदाचे, म्हणजे माझी सुटका होईल."

मी शेजारीच चष्म्यांचं दुकान चालवते. दोन दुकानांमधली भिंत कमरेपर्यंत विटांची आणि वर काचेची. त्यामुळे सलूनमध्ये काय चाललंय ते मला दिवसभर बसल्या जागी दिसतं, आणि काचेच्या वर हातभर फट असल्यामुळे ऐकूही येतं. भाऊजींना हे अजिबात आवडत नाही. मला फार आवडतं.

गाव त्यांना वस्ताद म्हणतं आणि त्यात काही खोटं नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची, क्षणभर तिथंच थांबायचं, केस कुठल्या अंगानं उगवलेत ते बोटांनी चाचपायचं आणि मगच वस्तरा टेकवायचा. "बोटं आधी, डोळे नंतर," असं ते सांगतात. खुर्चीत बसलेला माणूस निम्म्या दाढीत घोरायला लागतो. हात इतका हलका, पण तोंडाला मात्र झाकण नाही. जगात जे काही नवीन येतं त्याची वकिली भाऊजींनी केलीच पाहिजे, मग ती पाण्याची नवी टाकी असो नाहीतर पवनचक्की.

चार वर्षांपूर्वी पवनचक्कीची बातमी आली तेव्हा भाऊजींच्या अंगात आलं. "वारा फुकट आहे," ते म्हणायचे. "धूर नाही, राख नाही, खणायला नको, जाळायला नको. नुसतं उभं करायचं आणि वीज घ्यायची." कंपनीला गावाचा पाठिंबा कागदावर हवा होता. तो मिळवून द्यायचं काम भाऊजींनी आपण होऊन अंगावर घेतलं. आता सह्या कशा घेतल्या ते ऐका. गिऱ्हाईकाच्या तोंडाला भरपूर फेस लावायचा, मान मागे टेकवायची, आणि वस्तरा कंठाशी आला की थांबून विचारायचं, "मग, चक्कीला पाठिंबा आहे ना?"

तशा अवस्थेत मान हलवून नाही म्हणायची सोय नसते. तोंड उघडावं तर फेस आत जातो. गिऱ्हाईक घशातून "हं" असा आवाज काढायचं, भाऊजी तो होकार धरायचे आणि टॉवेल देण्याआधी पेन द्यायचे. अशा चारशे बारा सह्या झाल्या. मी फटीतून एकदा विचारलंही, "भाऊजी, ही सह्यांची मोहीम आहे की दरोडा?" ते म्हणाले, "तू काचा पूस."

एकच माणूस हाती लागला नाही. तो म्हणजे मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेले, कॉलरचं बटण वरपर्यंत लावणारे, एक दिवसाआड पाचच्या सुमारास दाढीला येणारे गृहस्थ. भाऊजींनी वस्तरा कंठाशी नेऊन नेहमीचा प्रश्न विचारला. मोजणीदारांनी "हं"सुद्धा केलं नाही. दाढी संपली, टॉवेलनं तोंड पुसलं, आरशात दोन्ही गाल वळवून बघितले, चष्मा चढवला आणि मग शांतपणे म्हणाले, "नाही."

नंतर सभागृहात बैठक झाली. चक्कीला दोन जागा होत्या. एक ओढ्यापलीकडचा माळ आणि दुसरी आमच्या रस्त्याच्या टोकाची टेकडी. भाऊजींना टेकडीच हवी होती, आणि त्याचं कारण ऐकून मी कपाळाला हात लावला होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याला आरशात चक्की फिरताना दिसली पाहिजे, म्हणे. त्यासाठी त्यांनी सलूनची पुढची भिंत पाडून वरपासून खालपर्यंत काच बसवण्याचा बेतही करून ठेवला होता.

बैठकीत मोजणीदार उठले आणि त्यांनी टेबलावर एक मोठा कागद पसरला. त्यावर टेकडी, रस्ता, प्रत्येक दुकान, सगळं मोजून काढलेलं. "संध्याकाळचं ऊन टेकडीमागून येतं," ते म्हणाले. "थंडीचे दोन महिने पात्यांची सावली या पट्ट्यात फिरेल. बाजाराच्या रस्त्यावर. ओढ्यापलीकडे लावा, तिथं सावली पडली तर दगडांवर पडेल. आणि अजून एक. आपल्याकडे वारा दुपारभर असतो आणि दिवे लावायच्या वेळेला पडतो. त्याचंही काय ते ठरवा."

भाऊजी मागच्या रांगेतून उठले. "मोजणीदार," ते म्हणाले, "सावली कुणाला चावते का?"

अख्खं सभागृह हसलं. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मोजणीदारांनी कागदाच्या चार घड्या पुन्हा होत्या तशा घातल्या. बसण्याआधी त्यांनी करारात एक कलम मात्र घालून घेतलं. ज्याच्या दुकानात किंवा घरात सावली फिरेल त्यानं लेखी तक्रार दिली, तर तेवढ्या वेळापुरती चक्की थांबवायची. कुणाचं लक्षच नव्हतं, म्हणून कुणी हरकतही घेतली नाही.

चक्की उभी राहिली, सलूनला काच बसली, भाऊजींनी दिवसभर निम्म्या दरात दाढ्या केल्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला, सगळं झकास चाललं. चक्की दिसायलाही देखणी होती, मी तिला नावं ठेवणार नाही. धुराड्यापेक्षा शंभर पटींनी बरी. मग थंडी आली, सूर्य एकेक दिवस सरकत सरकत टेकडीच्या मागे गेला आणि एका संध्याकाळी, पाच वाजून दहा मिनिटांनी, सलूनच्या भिंतीवरून एक काळा पट्टा सर्रकन गेला.

त्याच्यामागून दुसरा गेला, मग तिसरा. मग सगळं दुकानच उघडझाप करायला लागलं. उजेड, अंधार, उजेड, अंधार, दर सेकंदाला एक. त्यात दोन भिंतींवर मिळून तीन आरसे, म्हणजे प्रत्येक सावलीची तीन पिल्लं. गिऱ्हाईकानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि विचारलं, "मला चक्कर येतेय की तुम्हाला?" भाऊजी वस्तरा हवेत धरून नुसते डोळे मिचकावत उभे होते. पावणेसहाच्या सुमारास सूर्य खाली गेला आणि सगळं शांत झालं. माझ्या दुकानाची पुढची बाजू फ्रेमांच्या कपाटांनी भरलेली, त्यामुळे माझ्याकडे त्या सावलीला शिरायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी मागच्या दारानं माझ्याकडे आले. "डोळे तपास माझे," म्हणाले. "ताईला सांगू नकोस." मी बसवलं, एक डोळा झाकला, तक्ता वाचायला लावला. त्यांनी शेवटची ओळ वाचली आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"डोळे विशीतल्यासारखे आहेत," मी म्हटलं.

"मग काल दिसत का नव्हतं?"

"कारण तुमच्या दुकानात कुणीतरी दिव्याचं बटण खालीवर करतंय. आणि त्याला तुम्हीच चारशे बारा सह्या देऊन बोलावलंय."

मी म्हटलं, जाड पडदा लावा. ते म्हणाले, पडदा लावला की गाव विचारणार, का लावला. मी म्हटलं, मग तक्रार द्या, कलम आहे ना. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना मिशी विकायला सांगत होते. "मोजणीदार काय म्हणतील?" एवढंच बोलले आणि निघून गेले.

मग सुरू झाली गंमत. पाचच्या पुढे सलूनला खरी गर्दी असते, लोक कामावरून सुटून येतात. पाच दहा झाले की भाऊजी फेस लावायला घ्यायचे आणि लावतच राहायचे. एकदा, दोनदा, तीनदा. मग गरम टॉवेल. मग डोक्याला मालिश, न मागता. मग स्वतःच्या लग्नाची गोष्ट, जी गावात सगळ्यांना पाठ आहे. लोकांचे गाल भिजून भिजून सुरकुतायला लागले. चार दिवसांनी एक जण फेसासकट उठला आणि रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये गेला.

आणि ज्या माणसानं वाऱ्याचे गोडवे गायले तोच रोज साडेचारला दाराबाहेर उभा राहून झाडाचं पान हलतंय का बघू लागला. ढग आले की खूश. वारा पडला की शीळ घालायचे. मी माझ्या दारातून म्हणायची, "भाऊजी, आज वारा छान सुटलाय. फुकट आहे." ते आत जाऊन दार लावून घ्यायचे, पण दारही काचेचंच होतं.

कंपनीकडून एक मुलगी दर तीन महिन्यांनी फाईल घेऊन विचारपूस करायला यायची. आली, दुकानात उभी राहिली, विचारलं, "सावलीचा काही त्रास?"

"छे हो," भाऊजी म्हणाले. "उलट बरं वाटतं. पंख्यासारखं."

तिनं फाईलमध्ये "बरं वाटतं" असं लिहिलं. मी फटीशी तोंड नेलंच होतं, पण पाठीमागून ताईनं माझी ओढणी ओढली. नवऱ्याची अब्रू तिला सांभाळायची होती, निदान तोपर्यंत तरी.

पुढच्या सोमवारी सलून बंद असताना आतून फट् असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा फट्. ताई आणि मी दबकत काचेशी गेलो. भाऊजींनी खुर्चीच्या डोकं टेकवायच्या जागी एक फुगा बांधला होता. फुग्याला फेस लावलेला. आणि ते त्याची दाढी करत होते, डोळे घट्ट मिटून. बोटांनी फुगा चाचपायचे, वस्तरा अलगद ओढायचे, पुन्हा चाचपायचे. एक फुगा गुळगुळीत झाला, दुसरा झाला, तिसरा फट् झाला आणि सगळा फेस आरशावर उडाला. मला हसू आवरेना. मी ओढणी तोंडात कोंबली. ताईही हसत होती, पण मध्येच थांबली.

"हे उद्या माणसांवर करणार," ती म्हणाली.

तिनं तिथंच काच वाजवली आणि आत जाऊन विचारलं. भाऊजी म्हणाले, "बोटांना दिसतं. तीस फुगे केले, तीनच फुटले. मोजले आहेत मी."

"आणि माणूस फुटला तर?" ताई म्हणाली. "द्या ती तक्रार लिहून."

"ज्या हातानं चारशे बारा सह्या घेतल्या त्याच हातानं आता तक्रार लिहू? सगळ्या गावासमोर तोंडावर पडू? पाच दहाला डोळे मिटायचे, पावणेसहाला उघडायचे. एकतीस वर्षांचा हात आहे हा."

मला खरंच राग आला, आता सांगते. रोज पाच-सहा माणसं विश्वासानं मान मागे टाकून झोपी जातात, आणि हा माणूस आपल्या नाकासाठी त्यांच्या गळ्याशी आंधळी कोशिंबीर खेळणार. ताई बिचारी रडवेली झाली. तिनं मला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस, दुकान बसेल. मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त मोजणीदारांना सांगितलं.

ते चष्म्याच्या दांडीचा स्क्रू घट्ट करायला आले होते. सावली सुरू झाल्यापासून ते दाढीला सकाळी यायला लागले होते, एक शब्दही न बोलता. माझं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "डोळे मिटून?" मी मान हलवली. त्यांनी चष्मा नाकावर बसवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि वारा असा की माझी पाटी वाजत होती. बरोबर पाच वाजून दहा मिनिटांनी मोजणीदार सलूनच्या दारात. बाकड्यावर चार-पाच माणसं बसलेली. ती सगळी त्या बैठकीत हसलेली होती, आणि आता त्यांना काहीतरी बघायला मिळणार हे कळलं होतं.

"दाढी," मोजणीदार म्हणाले आणि खुर्चीत बसले.

भाऊजींनी फेस लावला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा ब्रश उचलला तेव्हा मोजणीदार म्हणाले, "पुरे झाला. मला सहाला घरी पोचायचंय." भिंतींवरून सावल्या धावत होत्या. उजेड, अंधार, उजेड, अंधार. भाऊजींनी वस्तरा उघडला, मोजणीदारांची मान मागे टेकवली, दोन बोटं गालावर ठेवली आणि डोळे मिटले.

मी काचेला नाक लावून उभी होते. एक गाल झाला. दुसरा झाला. मान्य करायला हवं, सुरेख झाले. मग हनुवटी राहिली, आणि हनुवटीनंतर गळा. वस्तरा हनुवटीच्या कडेला आला. मोजणीदारांचे डोळे उघडे होते. ते आरशात भाऊजींच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत होते. आणि मी माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलं, त्यांनी हनुवटी पुढे केली. अगदी जरा. चुकून हललं असं वाटावं इतकीच.

फेसात एक लाल ठिपका उमटला.

भाऊजींनी डोळे उघडले. वस्तरा मिटला आणि ठेवला. तुरटीचा खडा हनुवटीवर दाबून धरला. दुकानात फक्त सावल्या हलत होत्या.

मोजणीदारांनी आरशातूनच विचारलं, "वस्ताद, सावली चावते का?"

बाकड्यावरचे सगळे पुढे झुकले. भाऊजींनी तुरटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चावते. बैठकीत मी चुकलो होतो. तक्रारीचा कागद आहे का तुमच्याकडे?"

कागद होताच. चार घड्या घातलेला, खिशात. चार वर्षं असेल, किंवा त्या दिवशी सकाळीच ठेवला असेल. भाऊजींनी बोटांवरचा फेसही न पुसता त्यावर सही केली. चारशे बारा जणांच्या सह्या घेणाऱ्यानं चारशे तेरावी आपली केली आणि ती विरुद्ध बाजूनं केली. मग ते बाकड्याकडे वळले आणि म्हणाले, "ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ता हसा. उद्या दर वाढेल." कुणी हसलं नाही. उरलेला गळा त्यांनी पावणेसहानंतर, सावल्या थांबल्यावर, डोळे उघडे ठेवून केला.

फाईलवाली मुलगी आली, मागचं "बरं वाटतं" खोडलं आणि तीन दिवस मोजमाप घेऊन गेली. आता थंडीचे दोन महिने, ऊन असेल त्या दिवशी पाच दहाला चक्की थांबते आणि पावणेसहाला पुन्हा फिरते. कंपनीवाले कुरकुरतात, पण कलम म्हणजे कलम. चक्की थांबली की गावात लोक चहा टाकतात.

पाटी मात्र मला बघवेना. भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी ती खाली काढली आणि नवं रंगवलं: "एकतीस वर्षांत रक्ताचा एकच थेंब." ताई स्टूल धरून उभी होती आणि या वेळी काही बोलली नाही. मला राहवलं नाही. मी मोजणीदारांना गाठलं आणि स्पष्ट विचारलं, हनुवटी का पुढे केलीत.

"पुढची जागा गळा होती," ते म्हणाले. "आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाचा तरी गळा. चिरायची तर हनुवटी बरी. पण हे त्याला सांगू नका. सावलीला दोष देऊ दे."

एवढा मोठा वस्ताद आणि त्याच्यावर असा अन्याय. माझ्या भाऊजींचा हात चुकलेलाच नव्हता. मी तडक सलूनमध्ये गेले. दुकान रिकामं होतं, भाऊजी वस्तरे पुसत होते. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "तू काय सांगायला आलीस ते मला माहीत आहे. एकतीस वर्षं माणसांच्या कातडीवर बोटं ठेवलीत. कोण हललं आणि कोण नाही, ते कळतं मला."

"मग पाटी का बदललीत? तो थेंब तुमचा नाहीच."

त्यांनी वस्तरा उजेडाकडे धरून धार बघितली.

"डोळे मी मिटले होते ना," ते म्हणाले आणि पुढचा वस्तरा पुसायला घेतला.